आजींना पायऱ्या चढता येतात का?

ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या मुरलेल्या ट्रॅव्हल एजंटकडे जाऊन सांगा, आजींना एकट्यानं न्यू जर्सीला लेकीकडे पाठवायचंय, व्हीलचेअर लागेल. तो लगेच कीबोर्डला हात घालत नाही. आधी विचारतो, "आजींना पायऱ्या चढता येतात का? आणि विमानाच्या दारापासून सीटपर्यंत चालतील ना?"

विचारपूस आपुलकीची असतेच, पण त्या दोन उत्तरांवर चार अक्षरं ठरायची असतात. पायऱ्या चढता येतात, फक्त विमानतळावरचं लांबलचक अंतर झेपत नाही, तर डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नाहीत, पण आत सीटपर्यंत जाता येतं, तर डब्ल्यूसीएचएस. अजिबात चालवत नाही, थेट सीटवर नेऊन बसवावं लागतं, तर डब्ल्यूसीएचसी. विमान एरोब्रिजला न लागता लांब उभं राहिलं आणि शेवटचं अक्षर चुकलेलं असलं, तर आजी शिडीच्या पायथ्याशी खुर्चीत बसून राहतात. जेवणाचंही तसंच. 'हिंदू मील' हा पर्याय दिसला की आपल्याकडचा शाकाहारी माणूस निर्धास्तपणे तो निवडतो. त्याचा कोड एचएनएमएल, आणि ते जेवण मांसाहारी असतं. त्यात गोमांस नसतं एवढंच. आपल्या पद्धतीच्या शाकाहारी जेवणाला एव्हीएमएल लागतं, जैन जेवणाला व्हीजेएमएल.

मला या कोडांचं विलक्षण अप्रूप वाटतं. नौपाड्यातल्या एका छोट्या ऑफिसात टाइप केलेली चार अक्षरं फ्रँकफर्टच्या विमानतळावर एका अनोळखी माणसाला, ठरलेल्या वेळी, रिकामी खुर्ची घेऊन विमानाच्या दारात उभं करतात. दोन देश, दोन कंपन्या, कोणी कोणाला ओळखत नाही, आणि तरी खुर्ची येते.

प्रवासाचं बुकिंग एजंटकडून करावं की स्वतःच मोबाइलवर, हा वाद आता घराघरांत होतो आणि बहुधा 'कुठे स्वस्त पडतं' यावर येऊन संपतो. पण त्या बुकिंगची जी नोंद तयार होते, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं की वादाचा मुद्दाच बदलतो. नोंद कोण लिहितं, ती कोणाच्या ताब्यात राहते आणि ती वाचता कोणाला येते, यावर बाकीचं बरंच काही अवलंबून असतं.

त्या नोंदीला पीएनआर म्हणतात. आपल्याला दिसतो तो सहा अक्षर-अंकांचा कोड म्हणजे फक्त तिचा पत्ता. त्या सहा खुणांमध्ये आपलं नाव, तारीख, गाव काहीही दडलेलं नसतं. आतली नोंद पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात: संपर्काचा फोन, नोंद कोणाच्या सांगण्यावरून झाली ते, प्रवासाचा मार्ग, प्रवाशाचं नाव आणि तिकीट कधीपर्यंत काढायचं ते. या पाचांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'प्रिंट' हा शब्द तयार होतो, आणि या धंद्यात नव्यानं येणारी मुलं तो पाठ करतात. नाव लिहिताना आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग उरलेलं सगळं. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं, म्हणून बोर्डिंग पासवर 'सुनीताअनंतमिसेस' अशी एकसंध गाडी छापून येते. ते पाहून घाबरू नये. ही यंत्रणा टेलिप्रिंटरच्या काळात घडली आणि तेव्हाची काटकसर तिच्या अंगात अजून मुरलेली आहे.

पीएनआर म्हणजे तिकीट मात्र नाही. तिकीट ही वेगळी वस्तू, तिला तेरा अंकी क्रमांक. पहिले तीन अंक कंपनीचे: एअर इंडियाचे ०९८, लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. पीएनआर सांगतो की जागा धरली आहे, तिकीट सांगतं की पैसे पोचले आहेत. 'बुकिंग कन्फर्म्ड' असा ईमेल आला आणि त्यात तेरा अंकी क्रमांक नसला, तर जाणता माणूस तो येईपर्यंत निवांत बसत नाही.

ही नोंद ठेवणारं यंत्र कसं जन्मलं, ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सच्या बुकिंग ऑफिसात गोल फिरणारी एक कपाटवजा चकती असे, तिच्यात प्रत्येक उड्डाणाची कार्डं. भोवती आठ माणसं बसलेली. फोन आला की चकती फिरवायची, कार्ड शोधायचं, खूण करायची. एका बुकिंगची सगळी कामं उरकायला सरासरी दीड तास लागायचा. त्या खोलीत एका वेळी जेवढी माणसं मावतील तेवढाच कंपनीचा धंदा. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला निघालेल्या विमानात या कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांच्या शेजारी आयबीएमचे एक विक्री अधिकारी येऊन बसले. त्यांचंही आडनाव स्मिथ. नावावरून गप्पा सुरू झाल्या आणि त्या चकतीपर्यंत पोचल्या.

आयबीएम त्या वेळी अमेरिकी हवाई दलासाठी सेज नावाची यंत्रणा उभारत होती. दूरदूरच्या रडारांकडून आलेली माहिती एका संगणकात जमा करायची आणि शत्रूचं विमान कुठे आहे ते तत्काळ दाखवायचं, हे तिचं काम. लांब पसरलेल्या अनेक ठिकाणांहून एकाच वहीत एकाच वेळी लिहिता आलं पाहिजे, ही गरज बॉम्बफेकी विमानं हुडकणाऱ्यांची होती, तशीच सीट विकणाऱ्यांचीही. त्या ओळखीतून सेबर उभी राहिली. न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनोरमध्ये आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक बसले, आणि १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं बुकिंग त्यांच्यावर गेलं. अणुयुद्धाच्या भीतीतून आलेलं तंत्र आज आपल्याला गोव्याच्या सुट्टीची सीट देतं, याचं आश्चर्य मला कितीही वेळा वाटलं तरी ते ओसरत नाही.

१९७६ मध्ये सेबरचे पडदे ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर आले. आणि स्वतः बुकिंग करण्याची सोयही आपण समजतो तेवढी नवी नाही: १९८० च्या दशकाच्या मध्यावर, वेब जन्मायच्या आधीच, अमेरिकेतली हौशी माणसं घरच्या संगणकावरून फोनच्या तारेनं सेबरमध्ये शिरून उड्डाणं शोधत होती. पुढे युरोपातल्या कंपन्यांनी १९८७ मध्ये अ‍ॅमेडियस उभारलं, गॅलिलिओ आलं. या सगळ्यांना मिळून जीडीएस म्हणतात. मोबाइलवरच्या बहुतेक मोठ्या ट्रॅव्हल अ‍ॅपच्या मागे यांपैकीच कोणीतरी काम करत असतं. म्हणजे आपण दाबतो ते बटण आणि एजंट टाइप करतो ती ओळ पुष्कळदा एकाच दारातून आत जातात.

प्रवाशाची नोंद ठेवणारे लोक आपल्याकडे मात्र संगणकाच्या फार आधीपासून होते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते सापडतं. कित्येक नोंदी मोडीत, खाली यात्रेकरूची स्वतःची सही. राहायची सोय, जेवण, विधी, कुठे जायचं ते दाखवणं, सगळं त्या एका घराकडे. घराण्याचा उपाध्याय ठरलेला, आणि पुढच्या पिढीनंही त्याच्याकडेच उतरायचं. नोंद ज्याच्याकडे, यजमान त्याचा, हा नियम तिथे पक्का होता. तो आजच्या पीएनआरलाही लागू आहे. त्याकडे मी थोड्या वेळानं येतो. आधी भाव.

एकाच विमानात, शेजारशेजारच्या दोन सीटवरच्या माणसांनी दिलेले पैसे वेगळे असतात हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते कसं होतं हे फार सुंदर आहे. इकॉनॉमीची जागा एकच असते, पण संगणकात तिचे अनेक कप्पे केलेले असतात, प्रत्येकाला एक अक्षर: वाय, बी, एम, एच, के, क्यू असे. वाय सहसा सर्वांत महाग आणि सर्वांत लवचीक. प्रत्येक कप्प्यात किती सीट विकायच्या ते कंपनीचा संगणक सतत बदलत राहतो. एजंटच्या पडद्यावर ते 'वाय९ बी९ एम४ के०' असं दिसतं, आणि आकडा नऊच्या वर जात नाही. शंभर सीट रिकाम्या असल्या तरी नऊच. वेबसाइट जेव्हा 'या दरात फक्त ३ सीट उरल्या' म्हणते, तेव्हा पुष्कळदा विमान भरत आलेलं नसतं, तो एक कप्पा संपत आलेला असतो.

याचा एक परिणाम घरच्या प्रवासात फार उपयोगी पडतो. चौघांची तिकिटं एकत्र शोधली आणि स्वस्त कप्प्यात तीनच सीट असल्या, तर संगणक सहसा चौघांनाही पुढच्या महाग कप्प्यात नेतो. तीन आणि एक असं वेगळं शोधलं, की तिघांना जुना भाव मिळतो. एजंटला हे पडद्यावर सरळ दिसतं. आपल्याला ते ताडून पाहावं लागतं. अर्थात त्या चौथ्याचा पीएनआर वेगळा होतो, आणि उड्डाण रद्द झालं तर तो वेगळ्या विमानात जाऊ शकतो. लहान मूल बरोबर असेल तर मी तरी हा खेळ करणार नाही.

भावाला चिकटून नियम येतात: किती दिवस आधी घ्यायचं, किमान किती मुक्काम, कुठल्या वारी चालणार नाही, कुठल्या दुसऱ्या भावाशी जोडता येईल. विमान कंपन्या हे सगळं अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एटीपीको नावाच्या संस्थेकडे ठरावीक कलमांच्या साच्यात भरून देतात आणि तिथून ते जगभर पसरतं. त्यातलं सोळावं कलम रद्द करण्याचं आणि बदलाच्या दंडाचं. अनुभवी एजंट भाव सांगायच्या आधी 'कॅट सोळा' वाचतो.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. 'मुंबई ते बोस्टन, सर्वांत स्वस्त तिकीट कोणतं?' हा प्रश्न साधा दिसतो. एमआयटीतून आलेल्या संगणकशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये त्याच प्रश्नासाठी आयटीए सॉफ्टवेअर नावाची कंपनी काढली. ती पुढे गूगलनं सत्तर कोटी डॉलरला विकत घेतली. त्यांच्यापैकी कार्ल द मार्केन यांनी या प्रश्नाची गणिती तपासणी केली. मार्ग पुष्कळ, प्रत्येक टप्प्याला शेकडो भाव, प्रत्येक भावाच्या अटी दुसऱ्या टप्प्यावर अवलंबून. जाण्याचं आणि येण्याचं मिळून एवढी जुळवाजुळव होते की कोट्यवधी पर्याय सहज निघतात. पण अडचण नुसत्या संख्येची नाही. अटी लिहिण्याची ही भाषाच इतकी ताकदवान आहे की तिच्यात संगणकाचा कुठलाही प्रोग्रॅम दडवता येतो. आणि कुठलाही प्रोग्रॅम शेवटी थांबेल की नाही हे आधीच सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंगनं १९३६ मध्येच सिद्ध केलं आहे. तेव्हा प्रवासाच्या लांबीवर मर्यादा घातली नाही, तर नियमात बसणारं तिकीट अस्तित्वात आहे की नाही, हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येणार नाही.

कुणी ठरवून केलेलं नाही हे. विक्री विभागातल्या माणसांनी वर्षानुवर्षं एकेक अट वाढवत नेली आणि नकळत ती गणितातल्या एका मूलभूत अशक्यतेपर्यंत जाऊन पोचली! म्हणूनच एकाच मिनिटाला दोन अ‍ॅप दोन भाव दाखवू शकतात: प्रत्येकजण आपापल्या युक्तीनं या पर्यायांच्या जंगलाचा थोडा भाग पाहतो आणि काही सेकंदांत थांबतो. चांगला एजंट तिथे वेगळ्या वाटेनं शिरतो. त्याला ठाऊक असतं की कधीकधी मुंबई–फ्रँकफर्ट एकटं मागितलं तर सीट नाही, पण मुंबई–फ्रँकफर्ट–बोस्टन जोडून मागितलं तर त्याच विमानात सीट आहे. कंपनीला लांबचा प्रवासी हवा असतो, म्हणून ती दोन टप्प्यांची गाठ बांधते. एजंट त्यांना 'मॅरीड सेगमेंट' म्हणतात.

आणि आता राहिलेला मुद्दा, ताब्याचा. पीएनआर तयार होतो तेव्हा त्याच्यावर तो करणाऱ्या ऑफिसचा शिक्का बसतो, प्रवाशाला न दिसणारा. एजंटनं किंवा ट्रॅव्हल अ‍ॅपनं केलेलं बुकिंग त्यांच्या शिक्क्याचं. प्रवासाआधी बदल हवा म्हणून विमान कंपनीला फोन केला की पलीकडून ऐकू येतं, "तुमच्या एजंटशी बोला." पुष्कळांना ती टाळाटाळ वाटते. खरं तर तिकिटाचा दोर त्या ऑफिसच्या हातात असतो, आणि पैसेही त्याच वाटेनं गेलेले असतात: विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आयाटा बीएसपी नावाची हिशेबपद्धत चालवते, १९७१ मध्ये जपानमधून सुरू झालेली, आणि एजंटांनी विकलेल्या तिकिटांचा पैसा तिच्यातून विमान कंपन्यांकडे पोचतो. परतावाही त्याच नळीतून मागे येतो. टाळेबंदीत अडकलेल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल दिला, तेव्हा एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांचा वेगळा उल्लेख करावा लागला: कंपनीनं पैसे लगेच परत द्यावेत आणि एजंटनं ते लगेच प्रवाशापर्यंत पोचवावेत.

म्हणून माझ्या मते सर्वांत अडचणीची जागा मधली आहे: थोड्या रुपयांसाठी कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटवरून काढलेलं तिकीट. तिथे नोंद आपल्या ताब्यात नसते आणि ज्याच्या ताब्यात असते तो फोन उचलत नाही. थेट विमान कंपनीकडून घ्या, नाहीतर ज्याचं दार ठोठावता येतं अशा माणसाकडून घ्या.

स्वतः बुकिंग करणाऱ्यांनी आणखी एक भेद मनात ठेवायला हवा. मुंबई–दुबई एक तिकीट आणि दुबई–बोस्टन दुसरं, असं जोडून स्वस्त पडतं. पण या दोन तिकिटांना एकमेकांचा पत्ता नसतो. पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही फक्त आला नाहीत. सामान मध्ये उतरवून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, आणि शिरायला व्हिसा लागू शकतो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असले, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. उलट एकाच तिकिटात पहिला टप्पा तुम्ही सोडून दिलात, तर कंपनी पुढचे सगळे टप्पे रद्द करते. कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं हे पाहायला विमान कंपन्या १९६३ पासून टिमॅटिक नावाचा कोश वापरतात. काउंटरवरची व्यक्ती तुमचा पासपोर्ट घेऊन पडद्यावर जे वाचत असते, ते बहुधा तेच.

रेल्वेत चित्र अगदी वेगळं. तिथे भाव बहुतेक गाड्यांना ठरलेला, कोठार एक. आरक्षणाचा संगणक दिल्लीत १९८६ मध्ये आला, देशातली केंद्रं १९९९ पर्यंत जोडली गेली, आणि २००२ मध्ये आयआरसीटीसीवर घरबसल्या तिकीट मिळू लागलं. एजंटला दिसतो आणि आपल्याला दिसत नाही असा कुठलाच स्वस्त कप्पा नाही, तेव्हा इथे कसब वेळेचं आणि कोट्याचं. गणपतीला कोकणात जाणारी माणसं दिनदर्शिकेवर मागे मोजत बसतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण एकशेवीसऐवजी साठ दिवसांचं झालं, तशी मोजणीही बदलली. मधल्या स्थानकांची 'पूल्ड कोटा' प्रतीक्षायादी फारशी सरकत नाही आणि सुरुवातीच्या स्थानकाची जास्त सरकते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तत्काळला तर १ जुलै २०२५ पासून खिडकी उघडल्यावर पहिली तीस मिनिटं अधिकृत एजंटांना बंदच आहे: वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहा ते साडेदहा, बाकीच्यांसाठी अकरा ते साडेअकरा. तिथे तुम्ही आणि तुमचं आधार.

आपल्याकडच्या ग्रुप टूरचं बळही याच यंत्रणेतून येतं. दहा किंवा जास्त माणसं असली की विमान कंपन्या त्यांना गट मानतात, सीटचा ठोकळा आधी धरू देतात, नावं नंतर घेतात. केसरीसारख्या कंपन्यांनी १९८४ पासून मराठी कुटुंबांना जग दाखवलं, त्यात भाषेचा, जेवणाचा आणि टूर लीडरचा वाटा मोठा. पण कोण येणार हे ठरायच्या आत जागा धरून ठेवता येते, हा पाया. एकट्या माणसाला ती सोय नाही.

बंगळूरला जाऊन यायचं असेल तर मी कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढेन. प्रवासी वयस्क असतील, दोन-तीन कंपन्या जोडायच्या असतील, तर एजंटला त्याचं सेवाशुल्क आनंदानं देईन आणि त्याला विचारेन: सगळं एकाच तिकिटावर आहे ना, कॅट सोळा काय म्हणतं, आणि रात्री दोन वाजता विमान रद्द झालं तर फोन कोण उचलणार.

ही सगळी मांडणी बदलू लागली आहे. आयाटानं २०१२ मध्ये एनडीसी नावाचं तिकीटविक्रीचं नवं मानक आणलं. त्यामुळे काही कंपन्यांचे काही भाव जीडीएसच्या जुन्या पडद्यावर दिसतच नाहीत, आणि एजंटला त्यांच्यासाठी वेगळं दार उघडावं लागतं. त्यापुढची योजना 'वन ऑर्डर'. तिच्यात पीएनआर आणि तेरा अंकी तिकीट दोन्ही जाऊन एकच नोंद राहायची आहे, आणि ती विमान कंपनीच्या कोठारात असेल. एजंटला तिच्यात कितपत हात घालता येईल, यावर कंपन्या, जीडीएस आणि एजंटांच्या संघटना यांची ओढाताण सध्या चालू आहे.